उंदरांच्या भुकेचे कोडे

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचे राज्य आहे. त्याच्या खडकाळ किनाऱ्याला लागून माउंट डेझर्ट नावाचे एक बेट असून त्या बेटावर बार हार्बर हे लहानसे गाव वसलेले आहे. उन्हाळ्यात समुद्राची हवा खाण्यासाठी येणाऱ्या श्रीमंतांचे गाव म्हणून ते पूर्वी प्रसिद्ध होते. जीवशास्त्राच्या अभ्यासकांना मात्र ते आठवते ते उंदरांमुळे. १९२९ साली क्लॅरन्स कुक लिटल या शास्त्रज्ञाने तेथे जॅक्सन प्रयोगशाळा स्थापन केली. उंदरांच्या वंशावळी पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवायच्या, एकाच घराण्यातील उंदरांची पैदास करीत जवळजवळ एकसारखे उंदीर तयार करायचे आणि आईबापांकडून पिलांकडे कोणते गुण व कोणते रोग उतरतात ते पाहायचे, हे या संस्थेचे काम. राजघराण्यांच्या वंशावळीसुद्धा इतक्या काळजीने कोणी सांभाळल्या नसतील!

१९४७ च्या ऑक्टोबर महिन्यात या बेटावर भयंकर वणवा पेटला. प्रयोगशाळेचा बहुतेक भाग जळाला आणि सुमारे ९० हजार उंदीर त्यात नाहीसे झाले. अनेक वर्षांची मेहनत एका दिवसात राख झाली. परंतु पूर्वी याच प्रयोगशाळेने जगभरच्या संशोधकांना उंदरांच्या जोड्या पाठविल्या होत्या. त्या संशोधकांनी आता आपल्याजवळच्या उंदरांची पिले परत पाठविली, आणि ती जुनी घराणी बार हार्बरला पुन्हा नांदू लागली. वणव्यानंतर दोनच वर्षांनी, १९४९ च्या उन्हाळ्यात, तेथील एका पिंजऱ्यात काही विलक्षण लठ्ठ उंदीर आढळले.

ते पिले असताना इतरांसारखेच दिसत. परंतु चार-सहा आठवड्यांचे झाले की ते झपाट्याने फुगू लागत, आणि पुढे त्यांचे वजन साध्या उंदराच्या तिप्पट होई. ते सतत खात, फारसे हलत नसत, त्यांना पिले होत नसत, आणि थंडी तर त्यांना मुळीच सोसत नसे. वंशावळ तपासता असे दिसले की, हा दोष एकाच जनुकाच्या बिघाडामुळे येतो. जनुक म्हणजे शरीर घडविण्याच्या सूचनांपैकी एक सूचना. तिची एक प्रत आईकडून व एक बापाकडून मिळते. दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तरच पिलू लठ्ठ होई. लठ्ठपणासाठी असलेल्या इंग्रजी शब्दाची पहिली दोन अक्षरे घेऊन या उंदरांस ‘ओबी’ उंदीर असे नाव पडले.

पुढे १९६६ साली त्याच प्रयोगशाळेने आणखी एका जातीच्या लठ्ठ उंदरांचे वर्णन प्रसिद्ध केले. हेही तसेच खादाड आणि तसेच सुस्त. शिवाय त्यांना तीव्र मधुमेह होई. त्यांच्या रक्तातील साखर अतोनात वाढे आणि ते लवकर मरत. मधुमेहाच्या इंग्रजी नावावरून त्यांना ‘डीबी’ उंदीर म्हणू लागले. त्यांचा दोष मात्र ओबी उंदरांच्या जनुकात नव्हता. तो अगदी निराळ्या जनुकात होता. बिघाड दोन ठिकाणी, आणि लक्षण मात्र एकच! एकाच घरातील दोन वेगवेगळे दिवे विझावे आणि दोन्ही वेळा अंधार सारखाच पडावा, तसे हे झाले.

हे कोडे ज्याने हाती घेतले तो डग्लस कोलमन हा मूळचा कॅनडातील ओंटॅरिओ प्रांताचा. रसायनशास्त्राचा हा तरुण अभ्यासक १९५८ साली बार हार्बरला आला तो एखाददुसरे वर्ष राहण्याच्या विचाराने. पण १९९१ साली निवृत्त होईपर्यंत तो तेथेच राहिला. त्या काळी बहुतेक विद्वानांचे मत असे होते की, लठ्ठपणा हा मनाच्या दुबळेपणाचा परिणाम होय. ज्याला जिभेवर ताबा ठेवता येत नाही तो लठ्ठ होतो, एवढेच त्यांचे म्हणणे. हे मत सामान्य माणसांनाही पटण्यासारखे होते, आणि शाळेत लठ्ठ मुलांची थट्टा करणाऱ्यांना तर ते फारच सोयीचे होते. उंदराच्या मनाचा दुबळेपणा जनुकात कसा लिहिलेला असतो, हे विचारण्याच्या भरीस मात्र फारसे कोणी पडले नाही.

कोलमन यांनी निराळा प्रश्न विचारला. या उंदरांच्या रक्तात काही कमी आहे का, किंवा काही अधिक आहे का? हे पाहण्यासाठी त्यांनी एका जुन्या शस्त्रक्रियेचा उपयोग केला. दोन उंदरांची एकेका बाजूची कातडी उघडून ती परस्परांस शिवून टाकायची. जखम भरून येताना एकाच्या बारीक रक्तवाहिन्या दुसऱ्याच्या रक्तवाहिन्यांना मिळतात, आणि एकाच्या रक्तातील द्रव्ये हळूहळू दुसऱ्याच्या शरीरात जाऊ लागतात. मात्र रक्ताची ही देवघेव अगदी थोडी असल्याने एकाने खाल्ले म्हणून दुसऱ्याचे पोट भरत नाही. हा प्रयोग निर्दय वाटतो, आणि त्यात प्राण्यांना यातना होतात हे नाकारण्यात अर्थ नाही. आज असे प्रयोग करण्यापूर्वी कडक नियमांनुसार परवानगी घ्यावी लागते.

प्रथम एक मधुमेही डीबी उंदीर आणि एक निरोगी उंदीर यांची जोडी करण्यात आली. अपेक्षा अशी की, निरोगी उंदराच्या रक्तातील एखादे द्रव्य मिळून रोगी उंदीर सुधारेल, किंवा उलट रोग्याच्या रक्तातील एखाद्या द्रव्यामुळे निरोगी उंदरास मधुमेह जडेल. यांपैकी काहीच झाले नाही. डीबी उंदीर पूर्वीसारखाच खात राहिला व फुगत राहिला. निरोगी उंदराने मात्र खाणे सोडले! समोर अन्न ठेवलेले असता तो त्याला तोंड लावीना. त्याच्या रक्तातील साखर उतरत गेली, आणि काही आठवड्यांत तो उपासमारीने मेला. एकदा नव्हे, पुनःपुन्हा असेच घडले. १९६९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

भरल्या ताटासमोर बसून एक प्राणी उपाशी मरतो, याचा अर्थ काय? कोलमन यांनी जो तर्क केला तो असा : डीबी उंदराच्या रक्तात ‘पुरे, आता खाऊ नकोस’ असा निरोप देणारे काही द्रव्य असले पाहिजे, आणि ते भरपूर असले पाहिजे. ते द्रव्य निरोगी उंदराच्या शरीरात शिरले. त्याच्या मेंदूने निरोप ऐकला आणि तो पाळला. ज्याच्या शरीरात हा निरोप जन्मला तो डीबी उंदीर मात्र स्वतः तो ऐकू शकत नव्हता.

मग ओबी उंदराचे काय? त्याची जोडी निरोगी उंदराशी केली, तेव्हा निरोगी उंदरास काहीच झाले नाही. उलट ओबी उंदीर कमी खाऊ लागला आणि त्याचे वजन पूर्वीच्या वेगाने वाढेनासे झाले. म्हणजे निरोप बाहेरून मिळाला तर तो त्यास समजत होता. त्याच्या स्वतःच्या शरीरात तो तयारच होत नसावा. आता खरी कसोटी उरली होती. एकास निरोप धाडता येत नाही आणि दुसऱ्यास तो ऐकू येत नाही, हे जर खरे असेल, तर या दोघांची जोडी केल्यावर काय व्हावे? हे आधीच सांगता येणे हीच शास्त्रातील तर्काची परीक्षा. दोन्ही उंदीर सारखेच लठ्ठ, सारखेच खादाड; पाहणाऱ्यास त्यांत फरक दिसू नये. तरीही तर्काप्रमाणे डीबी उंदीर खातच राहिला पाहिजे आणि ओबी उंदराने अन्न सोडले पाहिजे. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत नेमके असेच घडले. आयुष्यभर खाण्यावाचून दुसरे काही न सुचलेला ओबी उंदीर आपल्या जोडीदाराशेजारी उपाशी राहून मेला.

हा तर्क इतका स्वच्छ आहे की आज तो वाचताना सोपा वाटतो. त्या काळी तो पुष्कळांना पटला नाही. ज्या द्रव्याचे नाव नाही, जे कोणी पाहिले नाही, त्यावर विश्वास कसा ठेवावा, असे लोक विचारीत. कोलमन यांनी ते वेगळे काढण्याचा अनेक वर्षे प्रयत्न केला. परंतु रक्तात ते इतके अल्प असते की त्या काळच्या साधनांना ते सापडले नाही.

ते पुढे सापडले न्यूयॉर्क येथील रॉकफेलर विद्यापीठात. जेफ्री फ्रीडमन या संशोधकाने १९८६ साली ओबी उंदराच्या बिघडलेल्या जनुकाचा माग काढण्यास आरंभ केला. आठ वर्षे लागली. १९९४ च्या मे महिन्यात एका पहाटे त्यांच्या हाती ते जनुक लागले, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात ही बातमी जगास कळली. या जनुकाच्या सूचनेवरून शरीर एक लहानसे प्रथिन बनविते. ग्रीक भाषेत ‘लेप्टॉस’ म्हणजे सडपातळ. त्यावरून फ्रीडमन यांनी या प्रथिनास ‘लेप्टिन’ असे नाव दिले.

त्याहून नवलाची गोष्ट ही की, हे प्रथिन मेंदूत किंवा पोटात तयार न होता चरबीच्या पेशींत तयार होते. चरबी म्हणजे नुसती कणगी, अशीच तोवर बहुतेकांची समजूत होती. सुगीत धान्य भरावे, टंचाईत काढावे, यापलीकडे कणगीला काय काम? पण ही कणगी मुकी नव्हती. आपण किती भरलो आहोत हे ती रक्तामार्फत मेंदूला सारखी कळवीत होती. चरबी वाढली की लेप्टिन वाढते आणि भूक आवरली जाते. चरबी घटली की लेप्टिन घटते आणि भूक वाढते. लेप्टिनचा पत्ताच नसेल तर मेंदू एकच अर्थ काढतो : कणगी रिकामी आहे, दुष्काळ आला आहे. मग तो दुष्काळास साजेसेच वागतो. भूक वाढवितो, हालचाल कमी करतो, अंगातील ऊब जपून खर्च करतो आणि पिलांना जन्म देणेही थांबवितो. ओबी उंदराचे सुस्त बसणे, थंडीने गारठणे आणि निपुत्रिक राहणे या सर्वांचा उलगडा एकदम झाला. अंगावर चरबीचे थर असलेला तो प्राणी आपल्या मेंदूच्या लेखी उपासमारीने मरत होता.

१९९५ च्या जुलै महिन्यात लेप्टिन टोचण्याचे प्रयोग प्रसिद्ध झाले. ओबी उंदरांस रोज ते टोचल्यावर दोन आठवड्यांत त्यांचे वजन सुमारे ३० टक्क्यांनी उतरले. डीबी उंदरांवर मात्र त्याचा काडीमात्र परिणाम झाला नाही. कोलमन यांनी वीस-बावीस वर्षांपूर्वी जे सांगितले होते तेच हे. आता प्रश्न उरला तो ऐकणाऱ्याचा.

आपल्या शरीरातील पेशी कातडीसारख्या पातळ आवरणाने वेढलेली असते. रक्तातून आलेले प्रत्येक द्रव्य आत जाऊ शकत नाही. म्हणून त्या आवरणात विशिष्ट प्रथिने बसविलेली असतात. त्यांचा एक भाग बाहेर डोकावतो व एक भाग आत असतो. या प्रथिनांना ग्राही म्हणतात. दारावरच्या विजेच्या घंटेचे उदाहरण येथे चांगले लागू पडते. पाहुणा बाहेरचे बटण दाबतो. तो आत येत नाही, पण तारेतून आत संदेश जातो आणि घरातील माणसे हलू लागतात. प्रत्येक ग्राही आपल्या ठरलेल्या द्रव्यालाच ओळखतो. इन्सुलीनचा ग्राही निराळा आणि लेप्टिनचा निराळा.

लेप्टिनचा ग्राही अमेरिकेतील केंब्रिज शहरी लुई टार्टाग्लिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढला. १९९५ च्या डिसेंबरात ते वृत्त प्रसिद्ध झाले. या ग्राहीचे जनुक उंदराच्या चौथ्या गुणसूत्रावर आहे, आणि डीबी उंदरांतील दोषाची जागाही तीच! पुढील वर्षीच्या आरंभी तो दोष काय आहे हेही कळले. ग्राहीचे अनेक प्रकार असतात; त्यांतील ज्याची आतली शेपटी लांब असते तोच खरा संदेश पोहोचवितो. ही शेपटी ३०२ अमिनो आम्लांची असते. डीबी उंदरात ती तुटून केवळ ३४ अमिनो आम्लांची उरलेली असते. बाहेरचे बटण शाबूत, आतली तार तुटलेली! चरबी लेप्टिनवर लेप्टिन पाठविते, ते ग्राहीवर येऊन बसतेही, पण आत घंटा वाजत नाही. मेंदू गप्प म्हणून चरबी साचते, चरबी साचते म्हणून लेप्टिन वाढत जाते. त्याच्याशी जोडलेला निरोगी उंदीर का मेला हे येथे स्पष्ट होते. कारण त्याच्या घरची घंटा ठणठणीत होती, आणि शेजाऱ्याचा हात बटणावरून निघतच नव्हता.

आणि हा एवढा अनर्थ कशाने घडला? जनुकातील एका अक्षराने. जनुकाची लिपी चार घटकांची असते. डीबी उंदरात त्यांतील ग्वानीन या घटकाच्या जागी एका ठिकाणी थायमीन आले. तेवढ्याने, एरवी गाळला जाणारा १०६ अक्षरांचा एक तुकडा सूचनेत शिरला आणि वाक्य मध्येच संपले. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनाविषयी एक आख्यायिका सांगतात. पत्रात ‘धरावे’ असे लिहिले असता कोणी ‘ध’चा ‘मा’ केला, अशी ती कथा. इतिहासकारांना ती पटो वा न पटो, डीबी उंदराच्या बाबतीत ‘ध’चा ‘मा’ झाला हे पुराव्याने सिद्ध आहे.

ग्राहीचे मुख्य ठिकाण म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेला अधोथॅलॅमस हा चिमुकला भाग. भूक, तहान, शरीराची उष्णता यांचा कारभार तेथून चालतो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत संशोधकांनी काही उंदरांच्या केवळ चेतापेशींतून हा ग्राही काढून टाकला. ते लठ्ठ झाले. दुसऱ्या काही उंदरांच्या यकृतातून तो काढला. ते लठ्ठ झाले नाहीत. २००५ साली याच्या उलट प्रयोग झाला. ज्या उंदरांत ग्राही मुळीच नव्हता त्यांच्या अधोथॅलॅमसमधील चेतापेशींच्या एका लहानशा समूहातच तो परत देण्यात आला. त्यांचे वजन थोडेसेच उतरले. रक्तातील साखर मात्र पुष्कळ सुधारली, इन्सुलीनचे प्रमाण पूर्ववत झाले, आणि सुस्त उंदीर हिंडूफिरू लागले. म्हणजे या ग्राहीचे काम नुसती भूक आवरण्याचे नाही. अन्नाचे शरीरात पुढे काय करायचे, यावरही त्याची नजर असते. लठ्ठपणा आणि मधुमेह ही जुळी भावंडे मानली जातात. पण त्यांच्या दोऱ्या मेंदूत काही अंशी वेगवेगळ्या हातांत आहेत, असे या प्रयोगाने दिसले. कोलमन यांनाही पूर्वी याची चाहूल लागली होती. तोच डीबी दोष उंदरांच्या एका घराण्यात प्राणघातक मधुमेह आणी, तर दुसऱ्या घराण्यात मधुमेह सौम्य होऊन मागे हटे.

उंदरांत जे सापडले ते माणसांत आहे काय? १९९७ साली इंग्लंडमधील केंब्रिज येथील डॉक्टरांनी मूळच्या पाकिस्तानी कुटुंबातील दोन चुलत भावंडांची हकीकत प्रसिद्ध केली. जन्मतः दोघांचे वजन सामान्य होते. परंतु तान्हेपणापासूनच ती सतत भुकेलेली असत आणि वजन थांबता थांबत नसे. अशा घरातील आईबापांना लोक काय बोलत असतील, त्याची कल्पना करता येते. तपासणीत आढळले की, दोघांच्या रक्तात लेप्टिन जवळजवळ नव्हतेच. तीही ओबी उंदरांसारखीच होती. त्यांतील मुलगी नऊ वर्षांची होती आणि तिचे वजन ९४ किलोग्रॅमांवर गेले होते; चालणेही तिला अवघड झाले होते. तिला रोज लेप्टिन टोचण्यात येऊ लागले. वर्षभरात तिचे वजन सुमारे १६ किलोग्रॅमांनी उतरले, आणि पुढ्यात आलेले अन्न ती इतर मुलांप्रमाणे पुरे म्हणून बाजूला सारू लागली. इतकी वर्षे जो तिचा हट्ट समजला गेला असेल, तो एका प्रथिनाचा अभाव होता.

१९९८ साली दुसरी हकीकत आली. फ्रान्समधील डॉक्टरांना एकाच घरातील तीन बहिणी आढळल्या, ज्यांचा लेप्टिनचा ग्राहीच बिघडलेला होता. या डीबी उंदरांच्या जातीच्या. त्यांच्या रक्तात लेप्टिनचा पूर होता. आणखी टोचून काय उपयोग? अशा रोग्यांसाठी संशोधकांनी पुढे निराळी वाट धरली. लेप्टिनचा ग्राही ज्या चेतापेशींना पुढे निरोप देतो, त्यांच्या पलीकडच्या दुसऱ्याच एका ग्राहीला जागे करणारे सेटमेलॅनोटाइड नावाचे औषध तयार झाले, आणि २०२० साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. पहिली घंटा नादुरुस्त असली तर आतल्या दाराची वाजवायची, तसा हा प्रकार.

असे जन्मजात बिघाड फार विरळा असतात. लेप्टिन सापडले तेव्हा जगभर अशी आशा निर्माण झाली होती की, आता प्रत्येक लठ्ठ माणसाला एक सुई टोचली की झाले. ती फोल ठरली. बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन कमी नसून अधिकच असते, आणि त्यांच्या ग्राहीच्या जनुकातही दोष नसतो. बटण ठीक आहे, तार ठीक आहे, घंटा वाजतेही. तरी घरातील माणसे उठत नाहीत. ती का उठत नाहीत, याचा शोध चालूच आहे, आणि त्यासाठी बार हार्बरच्या प्रयोगशाळेतून ओबी आणि डीबी उंदरांचे वंशज आजही जगभर पाठविले जातात.